बाराच्या नंतर : ठासणीच्या बंदुकीची सफाई आणि तिचे वाङ्मयीन मौन

१. प्रास्ताविक

बखर, पोवाडा, महाकाव्य आणि ऐतिहासिक कादंबरी या वाङ्मयप्रकारांत बंदुकीचे वर्णन वारंवार येते. कथनात ती भरली जाते, रोखली जाते आणि उडते. उडाल्यानंतर मात्र कथनाचे लक्ष लगेच जखमी किंवा मृत व्यक्तीकडे, धुराकडे किंवा पळापळीकडे वळते आणि बंदूक संहितेतून नाहीशी होते. प्रत्यक्ष व्यवहारात ठासणीच्या बंदुकीचे सर्वांत निकडीचे काम बार उडाल्यानंतर सुरू होते. त्याच दिवशी नळी धुतली नाही तर दमट हवेत एका रात्रीत तिला गंज चढू लागतो. अशी हयगय वरचेवर झाली की चांगली बंदूक निकामी होते.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. ठासणीच्या बंदुकीची सफाई कशी आणि कोणत्या कारणाने केली जाते हे स्पष्ट करणे हा पहिला. ही सामान्य वाटणारी बाब ध्यानी घेतली असता काही परिचित संहिता, म्हणी आणि इतिहासप्रसंग यांचे वाचन कसे बदलते हे दाखविणे हा दुसरा. भारतीय इतिहासातील १८५७च्या काडतूसप्रकरणाचा या सफाईशी थेट संबंध आहे. तो सामान्यतः विचारात घेतला जात नाही.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत घालून गजाने तळापर्यंत ठासली जाते. या गजालाच ‘ठासणी’ म्हणतात. नळीचे मागचे टोक कायमचे बंद असते. आत आग पोचविण्याच्या पद्धतीनुसार तिचे तीन प्रमुख प्रकार होतात. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी आणि टोपीच्या बंदुकीत आघाताने पेटणारी धातूची लहान टोपी हे काम करते. पहिल्या दोन प्रकारांत नळीबाहेरच्या लहान वाटीत ‘रंजक’ म्हणजे बारीक दारू ठेवलेली असते आणि तिची ज्वाला नळीच्या बाजूच्या छिद्रातून, म्हणजे ‘काना’तून, आत जाते. टोपीच्या बंदुकीत वाटीच्या जागी पोकळ बोंडी येते. नळीच्या आत जळणारी दारू मात्र तिन्ही प्रकारांत एकच, आणि सफाईचा प्रश्नही एकच.

२. काळ्या दारूचा अवशेष

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्याचे प्रचलित प्रमाण सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असे आहे. ही दारू जळते तेव्हा ती पूर्णपणे वायुरूप होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, जळलेल्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातील काही भाग पांढऱ्या दाट धुरात उडून जातो आणि उरलेला नळीच्या आतील पृष्ठभागावर चिकटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली धूरविरहित दारू जवळजवळ सर्वच वायुरूप होते. तिची सवय असलेल्या वाचकाला जुन्या बंदुकीच्या या अडचणीची कल्पना सहजासहजी येत नाही.

नळीत उरलेल्या या काजळीत मुख्यत्वे पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड हे क्षार आणि न जळलेला कोळसा असतो. यांपैकी कार्बोनेट हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेते. परिणामी काही तासांत कोरडी काजळी ओलसर होते आणि लोखंडाला सतत क्षारयुक्त ओलावा लागून राहतो. सल्फाइडाचा पाण्याशी संयोग झाला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. बंदूक धुताना येणारा वास तो हाच. टोपीच्या बंदुकीत आणखी एक भर पडते. अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि पुढे त्यातून टोपी विकसित झाली. टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असेल तर जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हा क्षार गुणधर्माने खाण्याच्या मिठाच्या जवळचा असून लोखंडाला तसाच घातक आहे.

या रसायनव्यवहारातून सफाईचा मूलभूत नियम निघतो. लोखंडाला पाणी वर्ज्य आणि तेल हितकर, असा सर्वसाधारण समज आहे. येथे क्रम उलटा आहे. गंजाला कारण होणारे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. न धुतलेल्या नळीला तेल लावले तर क्षार आणि ओलावा तेलाखाली कोंडून राहतात. खनिज तेल काजळीत मिसळले तर त्याचा डांबरासारखा चिकट लेप होतो आणि पुढची सफाई अधिक कष्टाची ठरते. म्हणून प्रथम पाणी, मग पूर्ण कोरडेपणा आणि शेवटी तेल, हा क्रम बदलता येत नाही.

३. सफाईचा क्रम

सर्वांत आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी लागते. ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार बाहेरून दिसत नाही. म्हणून गज नळीत सोडून तो किती खोल जातो हे पाहतात. रिकाम्या नळीत गज जेथवर जातो तेथे त्यावर खूण केलेली असते. ती खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली तर आत काहीतरी आहे, असे समजावे. टोपी किंवा रंजक काढून टाकल्यानंतरच पुढचे काम सुरू होते.

ज्या बंदुकांची नळी खाचेत अडकवून पाचरीने धरलेली असते, त्यांत पाचर काढून नळी दस्त्यापासून अलग करतात. तिचे बूड पाण्याच्या भांड्यात बुडवून गजाच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळतात आणि गज वरखाली करतात. चिंधी वर आली की बोंडीच्या छिद्रातून पाणी आत ओढले जाते आणि खाली गेली की काळे पाणी बाहेर फेकले जाते. पिचकारीचेच हे तत्त्व. नळी खिळ्यांनी कायम बसविलेली असेल तर कान लाकडी काडीने बंद करून नळीत पाणी ओततात, थोडा वेळ राहू देतात आणि ओतून टाकतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे लागते. अनेकजण शेवटचे पाणी गरम वापरतात, कारण तापलेली नळी लवकर कोरडी होते. मात्र फार तापलेल्या ओल्या लोखंडावर क्षणात तांबूस छटा येऊ शकते, म्हणून काहीजण कोमट पाणीच पसंत करतात. या मतभेदात तत्त्वाचा प्रश्न नाही. पाणी वापरायचे याबद्दल दोन्ही पक्षांत एकमत आहे.

नळीचा तळ हा विशेष लक्ष देण्याचा भाग आहे. तेथे कीट कडक थरासारखे साचते आणि गोल टोकाची चिंधी कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी सपाट टोकाची खरवडणी लागते. कान किंवा बोंडी बारीक तारेने मोकळी करतात. चकमकीची बंदूक बाळगणाऱ्या सैनिकाजवळ कान टोचण्याची तार आणि रंजकाची वाटी झाडण्याचा लहान ब्रश असे. घोडा, वाटी आणि चापाची यंत्रणा यांवरही काजळी उडालेली असते. तीही पुसून कोरडी करावी लागते.

यानंतर चिंधी पूर्ण कोरडी येईपर्यंत नळी पुसतात आणि मगच आतून-बाहेरून तेलाचा पातळ थर देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक स्वच्छ चिंधी नळीतून फिरवून पाहतात. तिच्यावर तांबूस डाग आला तर आदल्या दिवशीची सफाई अपुरी होती, हे निश्चित. पुढच्या वेळी बार भरण्यापूर्वी हे तेल पुसून काढणेही तितकेच महत्त्वाचे, कारण तेलाने दारू भिजली तर बार पेटत नाही.

४. दोन बारांमधली सफाई

दिवसाअखेरची सफाई हा प्रश्नाचा एक भाग झाला. युद्धात किंवा शिकारीत एका बारानंतर लगेच दुसरा भरायचा असतो आणि प्रत्येक बारागणिक काजळीचा थर वाढत जातो. नळी जणू आतून अरुंद होत जाते. कोरड्या उष्ण हवेत हा थर कठीण होतो आणि गोळी ठासणे अवघड होते. तळाशी एखादा निखारा धुमसत राहिला तर नवी दारू ओतताच ती पेटण्याचा धोका असतो. तोफेच्या नळीत दोन बारांच्या दरम्यान ओला बोळा फिरविण्याची शिस्त याच कारणाने होती.

बंदुकांच्या रचनेत या अडचणीवर वेगवेगळे तोडगे निघाले. ‘ब्राउन बेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश मस्केटची नळी .७५ इंच व्यासाची आणि गोळी सुमारे .६९ इंचाची असे. मधली फट काजळीसाठी सोडलेली होती. काही बारांनंतरही गोळी आत जाई. पण सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि नेम ढळे. रायफलच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात आणि त्यांत गोळी घट्ट बसावी लागते. येथे फट ठेवता येत नव्हती, म्हणून रायफल अचूक असूनही ती भरण्याचे काम फार संथ होई. क्लोद-एत्येन मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने १८४९ च्या सुमारास यातून वाट काढली. ही गोळी भरताना सैल असे आणि बार पेटताच तिचे पोकळ बूड फुगून खाचांत बसे. ब्रिटिशांची १८५३ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर आधारलेली होती.

एनफिल्डच्या .५७७ इंचाच्या नळीत .५६८ इंचाची गोळी जात असे. म्हणजे काजळीसाठी मस्केटइतकी जागा उरली नव्हती. तिची भरपाई स्निग्ध पदार्थाने केली गेली. काडतूस म्हणजे कागदी नळकांडे. त्याच्या एका अंगाला दारू आणि दुसऱ्या अंगाला गोळी. गोळीकडचा कागद चरबी-मेणाच्या मिश्रणात बुडविलेला असे. सैनिक दारूकडचे टोक दाताने तोडी, दारू नळीत ओती, काडतूस उलटे करून कागदासह गोळी नळीच्या तोंडात बसवी, उरलेला कागद फाडून टाकी आणि गज चालवी. स्निग्ध कागदामुळे गोळी सहज सरके आणि मागील बाराची काजळी मऊ राही. हे वंगण एका अर्थाने प्रत्येक बारासोबत घडणारी सफाईच होती.

५. १८५७ : वंगणाचा अर्थ

१८५७च्या जानेवारीत दमदम येथे या काडतुसांत गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता पसरली. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांचा प्रसंग घडला. २४ एप्रिलला मेरठ येथे ९० निवडक घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला आणि १० मे रोजी तेथे उठाव झाला. या घटनाक्रमाचे विवेचन दोन टोकांनी होत आले आहे. एका टोकाला तो अज्ञ शिपायांच्या धर्मभोळेपणाचा परिणाम ठरतो. दुसऱ्या टोकाला काडतूस हे केवळ निमित्त ठरते आणि त्याचा तपशील बिनमहत्त्वाचा होतो. दोन्ही विवेचनांत वंगण काडतुसावर का होते, हा प्रश्न बाजूला राहतो.

सफाईचा विचार केला असता प्रसंगाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. शिपाई हा बंदूक रोज हाताळणारा आणि धुणारा माणूस होता. नळीत काजळी साचते, तिला स्निग्धता लागते, हे त्याला शिकविण्याची गरज नव्हती. त्याचा आक्षेप स्निग्ध पदार्थाला नव्हता. तो पदार्थ कशाचा आणि तो तोंडाला का लावायचा, असा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाला तांत्रिक उत्तर उपलब्ध होते. मेण आणि तेल किंवा तूप यांचे मिश्रण तेच काम करू शकत होते. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा १८५७च्या जानेवारीतच दिली गेली आणि पुढे काडतूस दाताऐवजी हाताने तोडण्याचा बदलही कवायतीत झाला. म्हणजे विशिष्ट चरबी ही यंत्राची अपरिहार्य मागणी नव्हती. ‘आधुनिक तंत्र विरुद्ध पारंपरिक श्रद्धा’ ही सोयीची मांडणी येथे टिकत नाही. तंत्राला पर्याय मान्य होते. विश्वास मात्र तोवर उरला नव्हता. पुढे गोळीचा व्यास .५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला, म्हणजे काजळीला पुन्हा थोडी जागा देण्यात आली.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात, जो चिंतामण विनायक वैद्य यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, प्रवासात भेटलेल्या शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची हकीकत आहे. एका याज्ञिक ब्राह्मणाच्या प्रवासवृत्तात बंदुकीच्या वंगणाला स्थान मिळते, ते त्याला धर्माधर्माचा संदर्भ प्राप्त झाल्यामुळे. एरवी हा तपशील कवायतीच्या पुस्तकाबाहेर पडला नसता.

६. भाषेत उरलेली काजळी

कथनाने वगळलेली सफाई भाषेत मात्र टिकून आहे. कान चोंदला की वाटीतील रंजक भपकन पेटते, पण ज्वाला आत पोचत नाही आणि बार होत नाही. इंग्रजीत क्षणिक चमक दाखवून विझणाऱ्या कर्तृत्वाला ‘फ्लॅश इन द पॅन’ म्हणतात. हिंदीत याच घटनेला ‘रंजक चाट जाना’ असा शब्दप्रयोग आहे. फ्रेंचमध्ये ‘फेर लाँ फ’ हा वाक्प्रचार बार रेंगाळत पेटून वाया जाण्यावरून आला आणि अपयशी ठरणे या अर्थाने रूढ झाला. मराठीतील ‘फुसका बार’ याच कुटुंबातला. ओली दारू आणि चोंदलेला कान ही या सर्व अपयशांमागची ठळक कारणे. म्हणजे या प्रयोगांच्या पोटात राहून गेलेली सफाई आहे.

छिद्राच्या नावांतही तुलनेला वाव आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘ल्यूमियेर’, म्हणजे प्रकाश, म्हणतात. जर्मनमध्ये ‘त्स्युंडलोख’, म्हणजे पेटविण्याचे भोक. मराठीने त्याला कान म्हटले. फ्रेंच नाव आगीवरून, जर्मन नाव कार्यावरून आणि मराठी नाव देहावरून आले आहे. शत्रूच्या हाती पडणाऱ्या ‘तोफांच्या कानांत खिळे ठोकले’ असे मराठी इतिहासलेखन सांगते तेव्हा वाचकाला तोफ बहिरी झाल्याचा भास होतो. अनुवादात ही देहप्रतिमा हमखास गळते. कान साफ करणे ही शरीराच्या निगेची भाषाही या नावामुळे शस्त्राला लागू पडते, याची नोंद अनुवादकाने घ्यावयास हवी.

७. वाङ्मयप्रकार आणि मौन

बंदुकीचा व्यवहार बारकाईने टिपणाऱ्या लेखकांतही हे मौन आढळते. पुश्किन यांच्या ‘येव्गेनी ओनेगिन’च्या १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या प्रकरणात द्वंद्वापूर्वी पिस्तुले भरण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने येते. गजाचा आवाज, नळीत जाणाऱ्या गोळ्या, वाटीत पडणारी करड्या दारूची धार, असा तो क्रम आहे. आदल्या रात्री लेन्स्की पिस्तुले तपासतो, हेही कवी नोंदवितो. लेन्स्की कोसळल्यावर ओनेगिन पिस्तूल मुठीत आवळून त्याच्याकडे पाहत उभा राहतो आणि त्यानंतर पिस्तूल कवितेतून निघून जाते. तुर्गेनेव्ह यांच्या ‘शिकाऱ्याची टिपणे’ या १८५२च्या संग्रहातील येर्मोलाय आपल्या जुन्या चकमकीच्या बंदुकीसाठी बोळे टोपीतून उपटून काढतो आणि तिच्या धक्क्याने त्याचा उजवा गाल कायम सुजलेला असतो. येथेही तपशील भरण्याचा आणि उडण्याचा आहे.

सफाईची नोंद सापडते ती वेगळ्या वाङ्मयप्रकारात. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या, इ. स. १७१५च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गप्रकरणी दारूखान्याची निगा सांगितली आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने बंद करावेत आणि वर आडोसा करावा, असे तेथील विधान आहे. बखर पराक्रमाची नोंद करते आणि आज्ञापत्र पराक्रम शक्य ठेवणाऱ्या निगेची. एकाच मराठी राज्यव्यवहारातून आलेल्या या दोन प्रकारांत शस्त्रविषयक ज्ञानाची अशी वाटणी झालेली दिसते. कवायतीची पुस्तके आणि युद्धकाव्ये यांच्यातही तीच वाटणी युरोपात आढळते.

तिसरे स्थान विधीचे. महाराष्ट्रात पावसाळा सरताना खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून त्यांची पूजा होते. कोडगूत सप्टेंबरच्या आरंभी येणाऱ्या कैलपोळ्दु या सणात बंदुका स्वच्छ करून मांडतात आणि ‘तोक पू’ या फुलांनी सजवितात. कथनाला अनुल्लेखनीय वाटलेली निगा विधीने वर्षातून एकदा सार्वजनिक केली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या घरांत आणि परवान्यातून सूट लाभलेल्या कोडव घरांत हे ज्ञान अद्याप हस्तांतरित होते. ते बहुधा लिहिले जात नाही, दाखविले जाते.

८. समारोप

भिंतीवर बंदूक टांगलेली दाखविली तर पुढे ती उडाली पाहिजे, हे चेखव यांचे नाट्यविषयक मत साहित्यसमीक्षेत सुपरिचित आहे. बंदूक उडण्यासाठी ती आधी कोणीतरी धुतलेली, पुसलेली आणि तेल दिलेली असावी लागते, ही त्या विधानात गृहीत धरलेली बाब आहे. हे काम करणारे हात शिपायाचे, नोकराचे किंवा घरातील एखाद्या मुलाचे असतात आणि कथनात त्यांना क्वचितच नाव मिळते. १८५७ मध्ये त्याच हातांनी प्रश्न विचारला, तेव्हा वंगणासारखी क्षुल्लक बाब इतिहासाच्या मध्यभागी आली. तौलनिक अभ्यासकाने शस्त्राचे वर्णन वाचताना बाराबरोबरच बारानंतरचे काम कोणी केले असेल, हेही विचारात घेतले तर अनेक संहितांमधील अनुल्लेखित माणसे दृष्टीस पडू लागतील.